तक्त्यातली नावं

मुलांनो, परवा व्हिडिओ कॉलवर मी तुम्हा तिघांना एकमेकांच्या नावानं हाक मारली, आणि लगेच तुमच्या आईनं मला डॉक्टरांकडे जायला सांगितलं. माणसाचा मेंदू चेहऱ्याला नाव कसं जोडतो, असा एक लांबलचक लेखही पाठवला. म्हणून आत्ताच लिहून ठेवते: हे वयाचं दुखणं नाही. मी पंचविशीतही अशीच होते, आणि त्यापायी माझी नोकरी जाता जाता राहिली.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी जालन्याहून रोज सकाळच्या गाडीनं बदनापूरला जाऊन मुलींच्या शाळेत आठवीला इंग्रजी शिकवत होते. नोकरी तात्पुरती होती. तपासणीचा शेरा चांगला आला तर कायम, नाहीतर जूनपासून घरी.

चेहरा माझ्या डोक्यात लगेच बसतो. त्याच्यामागून घर येतं, वडिलांचा धंदा येतो, चालण्याची ढब येते. नाव मात्र बाहेर ओट्यावर उभं राहतं. पिठाच्या गिरणीवाल्याची मुलगी मला पक्की ठाऊक होती, तिच्या वेणीवर कायम पीठ असायचं. रेल्वेच्या गँगमनची मुलगी वर्गात पहिली यायची. दोघींची नावं कुणी विचारली की मी खिडकीबाहेर बघायची. गिरणी म्हटलं की वास येतो. नावाला कसला वास?

आमच्या मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, आधीच बजावलं होतं, "तपासणीला येणारे साहेब कुठल्याही मुलीकडे बोट दाखवून नाव विचारतात. ज्या बाईंना नावं येत नाहीत, त्यांना वर्ग माहीत नाही असं लिहून टाकतात."

मी आलेखाच्या कागदावर वर्गाचा तक्ता आखला. कोणत्या बाकावर कोण, ते आठ दिवस गाडीत पाठ केलं. चेहऱ्यांकडे बघायचंच नाही, फक्त बाकांकडे.

तपासणीच्या दिवशी गाडी उशिरा आली. मी पोचले तेव्हा साहेब व्हरांड्यात होते, आणि मोठ्या बाईंनी स्वच्छ गणवेशाच्या मुली पुढे आणि बाकीच्या मागे बसवल्या होत्या. एकही मुलगी तक्त्याप्रमाणे नव्हती.

साहेबांनी पहिल्या रांगेतल्या दुसऱ्या बाकाकडे बोट केलं. "हिला वाचायला सांगा. नाव घेऊन."

त्या बाकाचं नाव माझ्या तोंडातून निघून गेलं. ते गँगमनच्या मुलीचं होतं. बाकावर बसली होती गिरणीवाली.

मागून गँगमनची मुलगी अर्धवट उठली, तिनं साहेबांचं बोट बघितलं, माझा चेहरा बघितला, आणि मुकाट्यानं खाली बसली. पुढची गिरणीवाली सावकाश उठली आणि वाचू लागली. दर तिसऱ्या शब्दाला अडखळत होती.

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. मग तिच्या वेणीकडे बघत विचारलं, "वडील काय करतात तुझे?"

"रेल्वेत गँगमन हायेत, साहेब."

त्यानंतर साहेबांनी अकरा मुली उठवल्या. मी अकरा बाकांची नावं घेतली. अकराही मुली न चुकता दुसऱ्याच कुणाच्या तरी नावानं उठल्या. एकीला हसू आवरेना, तिनं पुस्तक तोंडासमोर धरलं.

साहेब गेल्यावर सगळ्यांत आधी गँगमनची मुलगी टेबलापाशी आली. रागानं लाल झाली होती.

"बाई, मी पहिली येते वर्गात. अन् साहेबांच्या वहीत माझ्या नावापुढं 'वाचन कच्चं' लिहिलंय. मी डोकावून पाह्यलं."

"मंग माझं काय?" गिरणीवाली म्हणाली. "माझा बाप एका मिनिटात रेल्वेत लागला. त्याला तर पत्ताच न्हाई."

"तुला नीट वाचायला काय झाल्तं?"

"तुझ्या नावाचं वजन न्हाई झेपलं मला."

गँगमनच्या मुलीला मी त्याच दिवशी माझ्या हातानं लिहून दिलं की तिचं वाचन वर्गात सर्वोत्तम आहे. खाली सही आणि तारीख. तिनं कागद दोनदा वाचला, 'सर्वोत्तम' शब्दाखाली रेघ मारायला लावली, मग दप्तरात ठेवला.

महिन्याभरानं शेरा आला: 'शिक्षिका प्रत्येक विद्यार्थिनीस नावानिशी ओळखतात.' मोठ्या बाईंनी तो मला वाचून दाखवला आणि मग त्या चष्मा काढून बराच वेळ पुसत बसल्या. मी कायम झाले आणि तिथेच निवृत्त झाले.

गिरणीवाली आता स्वतः आजी आहे. दर दिवाळीला फोन करते आणि गँगमनच्या मुलीचं नाव सांगून म्हणते, "बाई, मी बोलून राह्यले." मीही तिला त्याच नावानं हाक मारते. तिचं खरं नाव तक्त्यात आहे, तिसऱ्या रांगेत, खिडकीकडच्या बाकावर. तक्ता माझ्या कपाटात वरच्या खणात आहे.