न झोपता घेतलेली गादी

गादी आली त्या सकाळी मालसुनताई माझ्यासमोर उभी राहून कालवं फोडत होती. आमच्या शेडमध्ये लांबलचक टेबलाच्या दोन्ही बाजूंना बायका उभ्या असतात, हातात आखूड सुरी, पुढ्यात कालवांचा ढीग, आणि तोंडाला विश्रांती नाही. रबरी मोजे काढल्याशिवाय फोन धरता येत नाही, म्हणून कामावर कुणी फोन घेत नाही. मालसुनताईने घेतला, कारण नवरा इस्पितळात होता. पण बोलत होता तो सामान पोचवणारा माणूस. चढाच्या पायथ्याशी मोठं पार्सल ठेवलंय म्हणाला, घर वर आहे, पायऱ्या फार आहेत, आणि त्याने फोन ठेवून दिला.

"कसलं पार्सल?" तिने मला दरडावून विचारलं, जणू मीच मागवलं होतं.

तिचा नवरा चॉन ग्यूपाल. आमच्या टोंगयॉङ बंदराच्या धक्क्यावर होड्यांची इंजिनं दुरुस्त करण्यात जन्म गेला त्याचा. थंडीच्या सुरुवातीला शेवाळावरून पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, हाड बसलं, पण डॉक्टरांनी बजावलं की आता जमिनीवर अंथरूण घालून झोपणं बंद. खालून उठायला गेला तर खुबा निखळेल. घरी पलंगाची सोय असेल तर घरी न्या, नसेल तर वृद्धांच्या शुश्रूषा इस्पितळात ठेवा. सेऊलला असलेला एकुलता मुलगा जेसॉक फोनवर म्हणाला, आई, पलंगाचं मी बघतो, तू काळजी करू नकोस. मालसुनताईला तेव्हाच काळजी वाटायला हवी होती.

दुपारी आम्ही दोघींनी ते धूड पायऱ्यांवरून वर ओढलं. प्लास्टिकमध्ये आवळून आवळून गुंडाळलेलं, पाय बांधलेल्या डुकरासारखं जड. तिने कालवाच्या सुरीने प्लास्टिक टरकन फाडलं, तर आतून फुस्स आवाज झाला आणि ते फुगायला लागलं. आम्ही दोघी भिंतीला टेकलो. बघता बघता अर्धी खोली भरली. रबराचा वास सुटला. मालसुनताईने हात दाबून पाहिला, हात मनगटापर्यंत आत. हात काढला तरी पंजाचा खड्डा तसाच. मग ती आडवी झाली, उठायला गेली, एकदा कुशीवर वळली, पुन्हा उताणी पडली.

"ही गादी आहे का माझ्या मढ्याचं माप घेणारी आहे?" ती आतूनच म्हणाली. मी हात देऊन तिला बाहेर ओढलं.

पलंग अजून यायचा होता. म्हणून गादी जमिनीवरच राहिली, आणि नवऱ्याच्या आधी आपण एक रात्र काढून बघावी असं मालसुनताईच्या मनात आलं. सवयीप्रमाणे तिने जमिनीखालच्या नळ्यांतली ऊब सुरू केली, आमच्याकडे थंडीत घर असंच तापवतात. पाठ काही तापेना. तिने ऊब वाढवली, तरी वर गारच. आणखी वाढवली. सकाळी गादी उचलली तेव्हा कळलं की सगळी ऊब गादीने खालीच कोंडून धरली होती. तेल पाजून पाजून मधाच्या रंगाची झालेली, जाड कागद चिकटवून केलेली तिची जमीन मधोमध तपकिरी जळली होती. लग्न झाल्यापासून गुडघ्यांवर बसून पुसलेली जमीन.

त्या दिवशी शेडमध्ये तिने जेसॉकला फोन लावला. मोजे हातात, म्हणून फोन टेबलावर, आवाज मोठा केलेला. सगळ्या बायकांच्या सुऱ्या हळूहळू थांबल्या.

जेसॉकने आधी जमिनीबद्दल वाईट वाटल्याचं सांगितलं. मग म्हणाला, "पण आई, सोबतच्या कागदावर लिहिलंय ना, तापलेल्या जमिनीवर ठेवू नका म्हणून."

"मग कुठे ठेवू? कौलांवर? न तापणारी जमीन या देशात कुणाच्या घरात आहे ते सांग, तिथे नेऊन टाकते."

पलंग मागून येतोय, तो म्हणाला. मग गादी आधी का आली, तिने विचारलं. तर दोन्ही वेगळ्या कंपन्यांचं.

"तू झोपून पाहिलीस का या गादीवर?"

"कसा पाहणार, आई? त्यांचं दुकानच नाहीये. फोनवरच विकतात. पण हजारो लोकांनी चांगलं लिहिलंय. ढगावर झोपल्यासारखं वाटतं म्हणे."

"त्या हजारांत खुबा मोडलेला एक तरी होता का? त्या ढगातून तुझा बाप उठणार कसा? मी धडधाकट बाई, मला हिने हाताला धरून काढलं."

माझ्याकडे सगळ्यांनी पाहिलं. मी मान हलवली, जणू जेसॉकला दिसणार होतं.

परत पाठव, असं तिने सांगितलं. जेसॉकने कंपनीचा नंबर दिला. पलीकडे एक मुलगी, आवाज पाकात घोळवलेला. प्लास्टिक फाडलं असेल तर गादी परत घेता येत नाही, ग्राहकबाई, आम्हाला फार खेद आहे. मालसुनताई म्हणाली, प्लास्टिक न फाडता झोपायचं कसं, ते शिकव. मुलीने पुन्हा खेद व्यक्त केला. पुन्हा प्लास्टिक, पुन्हा खेद. शेवटी मालसुनताईने विचारलं, "बाळ, खरं सांग. तू झोपलीयेस का त्या गादीवर?"

मग पाक नसलेला आवाज आला. "नाही, आजी."

"मग कशावर झोपतेस?"

"जमिनीवरच. अंथरूण घालून."

नीट जेवत जा, एवढंच सांगून मालसुनताईने फोन ठेवला. राग जेसॉकसाठी राखून ठेवला होता. पण त्याचाच फोन आला, आणि त्याने तिला बोलू दिलं नाही. गादी जाऊ दे, आई, पलंगही मी रद्द केलाय, म्हणाला. मी दुसरी सोय करून ठेवली आहे. शुश्रूषा इस्पितळात बाबांचं नाव घातलंय, पुढच्या आठवड्यात थेट तिकडेच नेऊ.

"विचारलंस कुणाला?"

"कुणाला विचारू? घरी आणले तर उचलणार कोण त्यांना? तू? सुरी धरून धरून तुझी मनगटं सुजलीयेत, तुला चमचा धरवत नाही. मला माहीत नाही असं वाटतं का तुला?"

आमच्यातली एकही बाई हसली नाही. मालसुनताईने फोन बंद केला आणि कालवं फोडायला लागली. त्या दुपारी तिच्या टोपलीत कवचाचे तुकडे इतके पडले की मुकादम काही बोलायला आला आणि तिचा चेहरा बघून परत गेला.

रविवारी जेसॉक गाडी घेऊन आला. मालसुनताईने मला ओढत नेलं. "तू चल. नाहीतर रस्त्यात मी त्याला मारीन."

शुश्रूषा इस्पितळ गावाबाहेर, चकचकीत, सगळीकडे काचा. कोट घातलेल्या एका बाईंनी आम्हाला सगळं दाखवलं, जेवणघर, व्यायामाची खोली, भिंतीवरची कागदाची फुलं. मालसुनताई कशाकडेच बघेना. माझ्या नवऱ्याची खाट कोणती, एवढंच विचारत राहिली. शेवटी त्या बाई एका खोलीत घेऊन गेल्या. सहा खाटा, पाच भरलेल्या, एक भिंतीकडची मोकळी. मालसुनताईने चपला काढल्या आणि मोकळ्या खाटेवर आडवी झाली.

"आजी, चादर आत्ताच बदललीय," कोटवाल्या बाई हळूच म्हणाल्या.

"आई, ऊठ ना," जेसॉक म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "लोक बघतायत."

"बघू दे. मी गादी बघतेय."

ती पडून राहिली. हात पोटावर जोडलेले, डोळे छताला. शेजारच्या खाटेवरचे एक म्हातारे तिच्याकडे वळले आणि कुठल्या गावच्या, असं त्यांनी विचारलं. तिने गाव सांगितलं आणि वर सांगितलं की मी नाही, माझे हे येणार आहेत. म्हातारे म्हणाले, गादी बरी आहे, गादीला नाव ठेवायला जागा नाही.

"मग कशाला जागा आहे?"

म्हाताऱ्यांनी विचार केला. "इथे सगळे फार गोड बोलतात," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली, कुणाशी भांडलो नाही."

मालसुनताई उठून बसली. कडेला हात टेकून, कुणाच्या आधाराशिवाय. गादी दोनदा दाबून पाहिली. "चांगली आहे," ती जेसॉकला म्हणाली. "टणक आहे. तुझ्यापेक्षा इथल्या माणसांना अक्कल आहे."

जेसॉकचा चेहरा एकदम उजळला, बिचाऱ्याचा. तिने त्याला तसाच खाली येऊ दिला. कोटवाल्या बाईंना वाकून नमस्कार केला. गाड्या लावायच्या जागेत पोचल्यावर तिने विचारलं, "तू याआधी कधी आला होतास इथे?"

"आलो नव्हतो. फोटो पाहिले होते. लोकांनी चांगलं—"

"लिहिलं होतं," ती म्हणाली. आणि मग तिचा आवाज असा चढला की कुंपणापलीकडच्या शेतात कोबीचे गड्डे बांधणारे दोघे जण ताठ उभे राहिले. "गादी न झोपता घेतलीस, घे. माझी जमीन जाळलीस, जाळ. पण बापाला ठेवायची जागासुद्धा तू फोनमध्ये बघून ठरवलीस? त्या खाटेवर दोन मिनिटं पाठ टेकवावी असं तुला वाटलं नाही? लहानपणी तुझं अंथरूण तुझ्या बापाने हाताने चाचपल्याशिवाय तुला कधी झोपवलं नाही. जमीन जास्त तर तापली नाही ना, म्हणून. हाताने, जेसॉक! फोनने नाही!"

"मग मी काय करू?" तोही ओरडला. मी त्याला इतक्या वर्षांत ओरडताना ऐकलं नव्हतं. "नोकरी सोडू? इथे येऊन राहू? रोज रात्री मी त्या गाद्याच बघत बसलो होतो. सव्वाशे गाद्या बघितल्या असतील. तुला वाटतं मी डोळे मिटून घेतली?"

"विचारायचं! त्यांच्यासाठी होती ना? मग त्यांना विचारायचं, बाबा, तुम्हाला कुठे—"

आणि ती मध्येच थांबली. तोंड तसंच उघडं. माझ्याकडे बघून तिने मान फिरवली, आणि मला कळलं की तिनेही त्याला विचारलं नव्हतं. तीही आपली गादी, पलंग, खाट हेच करत होती. जेसॉकने गाडी थेट बापाच्या इस्पितळाकडे वळवली.

ग्यूपालदादा खिडकीशी टेकून बसला होता, पुढ्यात न संपलेला समुद्री शेवाळाचा रस्सा. तुम्हाला कुठे झोपायचंय, असं दोघांनी एकदमच विचारलं, तर तो म्हणाला एक एक करा. मग म्हणाला, "मला अंगणातल्या चौथऱ्यावर झोपवा."

अंगणात लाकडी फळ्यांचा गुडघाभर उंच, रुंद चौथरा आहे. त्यानेच केलेला, मोडीत काढलेल्या होडीच्या फळ्यांचा. त्यावर तो जेवतो, इंजिनं उघडतो, उन्हाळ्यात घोरतो.

"तिथून उठायला मला आजवर कुणाचा हात लागला नाही," तो म्हणाला. "तो आत घ्या, वर तापणारी विजेची चटई टाका, वर आपलं जुनं अंथरूण. झालं. व्यायाम घेणाऱ्या पोरीलापण मी विचारलंय. ती म्हणाली, उंची बरोबर आहे, आजोबा."

"मग आधी का बोलला नाहीत?" मालसुनताई उसळली.

"तू बोलू दिलंस?"

"मी? मी दिवसभर शेडमध्ये असते, तुमचं तोंड धरून बसले होते का?"

"रोज संध्याकाळी येऊन तू गादीवरच बोलतेस. मला वाटलं, गादी तुलाच पाहिजे."

शेजारच्या खाटेवरचा माणूस खोकल्यासारखं करून हसला. नर्स दारातून डोकावून गेली.

चौथरा दारातून आत जाईना. जेसॉकने तो मधोमध कापला, आयुष्यात पहिल्यांदा हातात करवत धरून, आणि मालसुनताई उंबऱ्यात उभी राहून त्याचा उद्धार करत होती. तिरका जातोयस. कार्यालयात हेच शिकवलं का. बाप बघेल तर उरलेला पाय मोडून घेईल. आत नेऊन त्याने दोन्ही अर्धे पट्ट्या मारून जोडले, बरोबर त्या तपकिरी डागावर. ती फुगलेली गादी बाहेर भिंतीला उभी राहिली. मोठा कचरा टाकायला पैसे भरून चिकटवावी लागते ती चिठ्ठी, गादी ज्याने मागवली त्यानेच नगर कार्यालयातून आणायची, असं मालसुनताईचं म्हणणं पडलं, आणि जेसॉकने आणलीही.

ग्यूपालदादा घरी आला त्या दिवशी शेडमधल्या निम्म्या बायका पायऱ्यांवर उभ्या होत्या. जेसॉकने आणि एका शेजाऱ्याने खुर्चीत बसवून त्याला वर आणलं. तो चौथऱ्यावर आडवा झाला, थोडा पडून राहिला, मग कडेला सरकला. मालसुनताई दोन्ही हात पसरून पुढे झाली.

"सर बाजूला," तो म्हणाला.

"पडाल."

"सर म्हणतो ना."

ती सरकली, पण हात पसरलेलेच. त्याने तळवे फळीवर दाबले, इस्पितळातून आणलेला चाकांचा वॉकर धरला, आणि उभा राहिला. तोंड वेडंवाकडं झालं, पण उभा राहिला. पायऱ्यांवरच्या एका बाईने टाळ्या वाजवल्या. मालसुनताईने वळून तिला असं काही झापलं की टाळ्या थांबल्या.

मग तिने जेसॉककडे पाहिलं. "आता तू. झोप यावर. बघ, कसं वाटतं ते."

"आई, मला निघायचंय, रस्त्यात गर्दी—"

"झोप म्हटलं ना."

तो कोट काढून आडवा झाला. डोळे मिटले. सेऊलहून तो पहाटेच निघाला होता, आदल्या रविवारीही तसाच आला होता. क्षणात त्याला झोप लागली, तोंड उघडं टाकून, बापासारखीच.

"उठवा त्याला," मालसुनताई म्हणाली. "तुमची जागा आहे ती. तुम्ही उभे किती वेळ राहणार?"

"झोपू दे जरा. मी खुर्चीत बसतो."

"खुर्चीत फार वेळ बसू नका सांगितलंय डॉक्टरांनी, खुबा वाकतो. जेसॉक!"

"अगं, हळू बोल."

"हळू का बोलू? ती मधली फळी करकरतेय, ऐकू येत नाही का तुम्हाला? पट्टी सैल मारलीय याने. ऊठ, जेसॉक, ऊठ, हातोडी आण."