तामार आणि तिची पुढची वाढ

आमच्या पॅरिशमधली, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीतली, निम्मी मुलं तामारच्या हातावर जन्मली. माझी तिन्ही त्यातच आली. उंच, रुंद खांद्यांची बाई, उजव्या डोळ्याने जरा तिरपं बघणारी. होती कर्नल टॅलबटांच्या तंबाखूच्या मळ्यावरची गुलाम, पण सुईण म्हणून तिला नदीच्या दोन्ही काठांवरून बोलावणं यायचं. बाळंतिणीच्या खोलीत शिरली की आधी पुरुषांना बाहेर काढायची. माझ्या थोरल्याच्या वेळी आमचे हे दारातून हलेनात, तेव्हा म्हणाली, "साहेब, कायद्याचं काही निघालं तर हाक मारीन. तोवर घोड्याला पाणी दाखवा." हे मुकाट्याने गेले.

दुसऱ्यांची एवढी मुलं तिने जगवली, तिचं स्वतःचं मात्र एकच जगलं. सिबी. आईसारखीच लांब हातांची पोर.

सिबी सात वर्षांची असताना कर्नलसाहेब वारले आणि त्यांचं मृत्युपत्र उघडलं. त्यात लिहिलं होतं, मुलगी लेटिस हिला 'तामार आणि तिची पुढची वाढ'. नावानिशी न सांगितलेलं बाकीचं सगळं मुलगा अँब्रोज याला. वाढ म्हणजे तामारला मृत्युपत्रानंतर होणारी मुलं. त्याच कागदावर खाली तांबड्या गाईबद्दलही हाच शब्द होता. सिबीचं नाव कुठेच नव्हतं. म्हणजे ती मृत्युपत्रानंतर जन्मली असेल तर आईबरोबर लेटिसकडे राहणार, आधी जन्मली असेल तर अँब्रोजची. अँब्रोजने दूर दक्षिणेला, कॅरोलायनात जमीन घेतली होती आणि त्याच्या गाड्या भरायला लागल्या होत्या. नव्या बायकोच्या हाताखाली त्याला एक पोर हवीच होती.

लेटिसने वकील केले ते आमच्या ह्यांना. ह्यांना व्हर्जिनियात येऊन जेमतेम सहा वर्षं झाली होती. शिक्षण सगळं स्कॉटलंडात. एका संध्याकाळी जेवताना म्हणाले, "खटला हातात आलाय बघ. मृत्युपत्र दहा मार्च सतराशे पन्नासचं. कर्नलच्या शेतवहीत तामारची पोर लिहिलीय ऑक्टोबर सतराशे पन्नास. सात महिन्यांनी. अँब्रोजचा वकील काय डोंबल बोलणार?"

मी चमचा खाली ठेवला. आमच्याकडे त्या वेळी वर्ष बदलायचं ते पंचवीस मार्चला, देवदूताने मरियेला येशूच्या जन्माचा निरोप सांगितला त्या सणाला. म्हणजे सतराशे पन्नासचा ऑक्टोबर आधी यायचा आणि त्याच सालातला दहा मार्च त्याच्या पाच महिने मागून. पुढे राजाने कायदा करून वर्ष जानेवारीत आणलं, तेव्हापासून जुनी रीत पुष्कळांच्या डोक्यातून गेली. ह्यांच्या स्कॉटलंडात तर वर्ष कितीतरी पिढ्यांपासून जानेवारीतच लागतं. ह्यांना कोण सांगणार?

"गप्प का झालीस?"

"सूप निवतंय. जेवा आधी," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तामार स्वयंपाकघराच्या दाराशी आली. पुदिन्याची जुडी पुढे केली, पण आत आली नाही.

"बाईसाहेब, तुमचे साहेब म्हणतात पोर नंतरची."

"म्हणतात खरं."

"कर्नलसाहेबांनी सही केली त्या दुपारी पोर माझ्या पाठीवर होती. तुम्ही तिथे होता. लेटिसबाईंकडे राहायला आला होता त्या हिवाळ्यात."

"होते."

"मला कोर्टात बोलायची सोय नाही. गोऱ्यांच्या भांडणात काळ्यांचा शब्द धरत नाहीत." मग हळूच म्हणाली, "तुमचा धरतात. तुम्ही बोलू नका, एवढंच मागणं."

मी म्हटलं, "तामार, शपथेवर मी खोटं बोलणार नाही. पण कोणी विचारलं नाही तर आपण होऊन सांगायलाही जाणार नाही."

तिने माझ्याकडे तिरपं पाहिलं. "पुरे आहे," म्हणाली. त्या रात्री मी ह्याच एका गोष्टीसाठी गुडघे टेकले, की मला कोणी विचारू नये.

आणि विचारलं कोणीच नाही. खटल्याच्या सकाळी हे बूट चढवता चढवता म्हणाले, "अँब्रोजचा वकील म्हणेल शेतवहीतलं अक्षर कोणाचं कोण जाणे. तुझ्या त्या सालच्या रोजच्या वहीत असेल ना पोरीचा जन्म? दे बरं."

"अहो, शेतवही पुरे नाही का?"

"एकापेक्षा दोन बऱ्या. पेटीची किल्ली कुठाय?"

किल्ली माझ्या कमरेला होती. वह्यांना कसर लागली म्हणता आलं असतं, सापडत नाही म्हणता आलं असतं. खोटी साक्ष देऊ नकोस, ही आज्ञा मी मुलांकडून रोज म्हणवून घेते. मी पेटी उघडली.

कोर्टात आम्ही बायका मागच्या बाकावर बसलो होतो. खिडकीबाहेर, पार उन्हात, तामार सिबीचा हात धरून उभी होती. ह्यांनी ऐटीत वही पुढे केली. न्यायासनावर म्हातारे मिस्टर ऑर्डवे होते. त्यांनी चष्मा सारखा केला आणि वाचलं, "चौदा ऑक्टोबर. प्रभूच्या कृपेने तामार सुखरूप मोकळी झाली, मुलगी." मान हलवली. हे हसत खाली बसले.

पण ऑर्डवे पडले चौकस. शेजाऱ्याच्या बायकोने काय काय लिहिलंय ते बघायला पानं उलटत राहिले. नोव्हेंबर, नाताळ, कोणाचा ताप, कोणाची गाय व्याली. मग एका पानावर बोट थांबलं. त्यांनी ते सावकाश, मोठ्याने वाचलं.

"दहा मार्च. कर्नलसाहेबांनी आज मृत्युपत्रावर सही केली. जेवायला हॅम होतं. तामारने पोर पाठीला बांधूनच ताटं आणली."

ऑर्डवेंनी चष्मा काढला. "मिस्टर गिलेस्पी, तुमच्या स्कॉटलंडात मुलं जन्मायच्या आधीच आईच्या पाठीवर बसतात का?"

सगळं कोर्ट हसलं. अँब्रोज सगळ्यांत जास्त. बाहेर तामारला शब्द ऐकू गेले नसावेत, पण हसणं गेलं. तिने सिबीला उचलून कडेवर घेतलं. सात वर्षांची घोडी, पाय खाली लोंबत होते.

गाड्या पाचव्या दिवशी निघाल्या. तामारला त्याच पहाटे नदीपलीकडे एका अडलेल्या बाईसाठी नेलं होतं. अँब्रोज थांबला नाही. ती दुपारी परतली तेव्हा रस्त्यावर फक्त चाकोऱ्या होत्या. लेटिस मला सांगत होती, ती रडली नाही, हात धुऊन कामाला लागली. हे त्या आठवड्यात माझ्याशी चार शब्द बोलले असतील. मीही देवाशी फारसं बोलले नाही.

ह्याला आता नऊ वर्षं झाली. तामार अजून सुईणपण करते, हात तसाच हलका. पण तेव्हापासून तिने एकाही गुलाम पोराची तारीख सांगितलेली नाही. मळ्यावरच्या बायकांनाही तिने काय शिकवलंय कोण जाणे, त्याही सांगत नाहीत. मालक वही घेऊन विचारायला येतो, "कधी झालं?"

"वारा होता, साहेब."

एका मालकाने चाबूक काढून विचारलं होतं. "वारा फार होता," एवढंच म्हणाली. ह्या दोन काठांवरच्या शेतवह्यांत पोरांची नावं आहेत, पुढे तारखेची जागा कोरी.

गेल्या महिन्यात आम्ही दोघं दहा दिवस विल्यम्सबर्गला होतो. तिथे ह्यांनी आपलं मृत्युपत्र करून घेतलं. आमच्या घरची गुलाम ज्यूडी धाकट्या मुलीला, 'आणि तिची पुढची वाढ'. मी कागद वाचला आणि घडी घालून परत दिला. परत आलो तर ज्यूडी बाळंत झालेली, मुलगा, आणि तिला बघायला आलेली तामार पिंपापाशी हात धूत होती.

हे ओट्यावरून म्हणाले, "जरा विचारून घे, पोर आपण सही करण्याआधी झालं की नंतर. आत्ताच लिहून ठेवलेलं बरं."

मी अंगण ओलांडून गेले. "तामार, कधी झालं गं?"

तिने हात झटकले, एप्रनला पुसले, मान वर केली नाही.

"पाऊस होता, बाईसाहेब."

तीन आठवडे थेंब पडला नव्हता, पिंपाच्या तळाला ओंजळभर पाणी उरलं होतं. मी परत ओट्याशी आले.

"काय म्हणते?" ह्यांनी विचारलं.

"पाऊस होता म्हणते," मी म्हटलं आणि आत गेले.