बाबांच्या कागदांची राखण

बाबा, म्हणजे माझे सासरे, गेल्याचा फोन आला तेव्हा मी मालवणच्या मासळीबाजारात सुंगटं निवडत होते. रडू नंतर आलं. आधी भीती वाटली… त्यांच्या कागदांचं आता मलाच बघायचं होतं.

शाळेतून निवृत्त झालेल्या या माणसानं विजयदुर्गापासून वेंगुर्ल्यापर्यंतची घरं धुंडाळून गलबतांच्या व्यापाराचे जुने मोडी कागद जमवले होते. काही माळ्यावर कुजत पडलेले, काही चुलीत जायला निघालेले. मी लग्न होऊन आले तेव्हापासून ती कागदांची खोली मला बंदच. माझ्या हातातल्या केरसुणीलासुद्धा बाबा घाबरायचे.

देवगडला त्यांचे एक मित्र होते, त्यांनाही हाच नाद. ते वारले. तेराव्यानंतर बाबा भेटायला गेले, तर पडवीत त्यांची सून आंब्याच्या पेट्या भरत होती आणि हापूसखाली मोडी कागदांचे बोळे. बाबांनी एक बोळा उलगडून बघितला आणि न जेवताच परतले. त्या दिवसापासून त्यांची झोप उडाली. जेवताना घास हातातच राहायचा.

मग एका दुपारी त्यांनी मला खोलीत बोलावलं. पहिल्यांदाच.

"माज्या मागे तू ह्या सगळ्याचा काय करतलंस गो?"

मी म्हटलं, "बाबा, माका ह्यातला एक अक्षर वाचूक येणा नाय. माका भय वाटता."

"माकाय वाटता," ते म्हणाले.

पुढे कणकवलीकडच्या एका कॉलेजनं कागद ठेवून घ्यायचं कबूल केलं. टेम्पो दारात आला, आणि बाबांनी तो परत पाठवला. "थंय पावसाचा पानी आत इला तर?" पुढच्या खेपेलाही तेच. शेवटी ते स्वतःच टेम्पोत बसून कॉलेजात गेले, कागदांच्या ट्रंकांना टेकून. मी आणि माझे यजमान एसटीनं मागोमाग पोचलो. प्राचार्यांनी विचारलं, "तुमच्या पश्चात घरातलं कोण लक्ष ठेवेल?" त्यांचा मुलगा शेजारीच बसला होता. बाबांनी माझ्याकडे बोट केलं.

"ही. हिला भीती वाटते."

गेल्या आठवड्यात, दिवसकार्य उरकल्यावर, मी कॉलेजात गेले. कागदांच्या कपाटाच्या मागून हात फिरवून ओल बघितली. टेबलाशी एक मुलगी बाबांचा कागद पुढ्यात घेऊन अक्षर अक्षर लावत होती. तिच्या कोपराशी पाण्याची बाटली, झाकण उघडं. मी पुढे होऊन झाकण घट्ट लावलं, आणि ती वाचून उठेपर्यंत तिच्याजवळच बसून राहिले.