तुटलेली नस आणि सह्यांचा कागद

"गोळी काढली. पण पेरोनिअल नर्व्ह तुटली होती, ती शिवली आहे," सर्जनबाई म्हणाल्या. गुडघ्याच्या बाहेरून जाणारी ही नस. पाऊल वर उचलतं ते तिच्यामुळे.

जर्मनीत ब्राउनश्वाइगजवळच्या आमच्या गावात मी बेकरीच्या रांगेत उभी होते. काउंटरवरच्या आन्याला तिच्या नवऱ्याने गोळ्या घातल्या. ती त्याला सोडून गेली होती. एक गोळी मला लागली. पिस्तूल परवान्याचं होतं. तो नेमबाजी क्लबचा सभासद, पिस्तूल घरीच ठेवायचा.

"नशीब, वाचलीस," सगळे म्हणाले. आन्या वाचली नाही. मला 'नशीब' या शब्दाची चीड यायला लागली.

तिसऱ्या महिन्यात ईएमजी झाली. स्नायूत सुया टोचून नसेचा संदेश पोचतो का ते बघतात. पोचत नव्हता. बुटात प्लॅस्टिकचा स्प्लिंट घालून मी पाय ओढत चालायला लागले. चालायला शिकवलं ते फिजिओथेरपिस्ट हेर, म्हणजे श्रीयुत, ब्रांट यांनी. इतका धीराचा माणूस मी पाहिला नव्हता.

आन्याची बहीण झिल्के एक दिवस कागद घेऊन आली. सभासदांच्या बंदुका घरी नकोत, क्लबातच कुलपात राहाव्यात, अशी मागणी होती. मी कुबडी घेऊन तिच्याबरोबर दारोदार फिरले. लोक कॉफी देत, डोळे पुसत. सही करायची म्हटलं की चष्मा सापडत नसे.

हेर ब्रांटना मी उपचार चालू असतानाच सहीचं विचारलं. माझं पाऊल त्यांच्या हातात होतं.

"फ्राऊ जोशी, तुमच्यासाठी काहीही करेन. पण मीही त्या क्लबात आहे. एकाच्या वेडेपणाची शिक्षा आम्हा सगळ्यांना का?"

मी पाऊल काढून घेतलं नाही. गावात फिजिओथेरपीचं दुसरं केंद्र नव्हतं. वर्षभर त्याच हातांखाली पडून राहिले.

नगरपालिकेने कागद घेतला आणि कायदा बर्लिनमध्ये होतो म्हणून सांगितलं. क्लबाने एक तिजोरी घेतली. तीत बंदूक ठेवायची की नाही, ज्याचं त्याने ठरवायचं. चौघांनी बंदुका ठेवल्या. हेर ब्रांट त्यांत नव्हते.

पाऊल थोडं उचलतं आता. अशा दुखण्यातून जाणाऱ्यांनी व्यायाम सोडू नये. नस फार सावकाश वाढते.

मध्यंतरी माझ्या मुलीला, रेवाला, तिच्या एका मैत्रिणीकडे वाढदिवसाला राहायला बोलावलं. मी त्या मैत्रिणीच्या आईला फोन करून विचारलं, "घरात बंदूक आहे का?"

"असं कसं विचारतेस गं?" माझा नवरा मंदार मागून कुजबुजला.

पलीकडून ती बाई म्हणाली, "आल्झो... म्हणजे, तळघरात दोन आहेत."

मी तिचे मनापासून आभार मानले. खरं बोलली म्हणून. रेवा दार आपटून जर्मनमध्ये ओरडत राहिली. मी तिला पाठवलं नाही.