क्लच प्लेटमागची वाळू

जुन्या गाड्यांवाल्यांनो, आजचं कुणाला तरी सांगायलाच हवं.

म्हसळ्याजवळ सुनीलच्या शेडमध्ये मी त्याच्या वडिलांचा जुना ट्रक दुरुस्त करतोय. सुनील लहान असताना वडील ट्रक इथे लावून मुंबईला गेले, ते आलेच नाहीत. ट्रक तेव्हापासून जागचा हललेला नाही. ते येतील तेव्हा गाडी चालू पाहिजे, एवढंच सुनीलचं म्हणणं.

आज गिअरबॉक्स उतरवला. क्लच प्लेटमागून वाळू पडली. वाळूत बारीक शिंपल्या होत्या.

"ट्रक कधी खाडीत बुडाला होता का रे?"

"न्हाय ओ दादा," म्हणत सुनील हसला आणि ग्रीस आणायला बाजारात गेला.

त्याची आई चहा घेऊन दारात उभी होती. ती खाली बसली. पदरात शिंपल्या गोळा करून तिने पदर कमरेला खोचला.

"वाळू धुऊन टाक," ती म्हणाली. "पोराला वाटतंय, बाप मुंबईत हाय."

बुडालेला ट्रक वर काढून इथे कोणी लावला, हे विचारायचा मला धीर झाला नाही. सुनील यायच्या आत मी सगळं धुतलं.

आता ट्रकखाली शिरलो की वरच्या रिकाम्या सीटचं ओझं छातीवर येतं. तुम्ही असता तर सुनीलला सांगितलं असतं?