राम राम, घाई नको

जेवणाच्या डब्याच्या पिशवीत सीडी घेऊन ऑफिसला येणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. अमेरिकेतल्या अ‍ॅशबर्नच्या आमच्या डेटा सेंटरमध्ये सीडी घालायला फट असलेलं एकही मशीन उरलं नव्हतं. तरी पोळीभाजीच्या शेजारी ती प्लास्टिकच्या कव्हरात असायचीच. ऑफिसातल्या मराठी मंडळींनी त्यांचं नावच सीडीकाका ठेवलं होतं आणि त्यांना ते आवडायचं. मूळचे नागपूरचे, पंचावन्न ओलांडलेले, अमेरिकन पासपोर्टवाले. मी साताऱ्याची, व्हिसावर आलेली, टीममधली सगळ्यात नवी.

आमची मशीनं व्हर्च्युअल. म्हणजे एकाच मोठ्या सर्व्हरच्या पोटात तीस-चाळीस बिऱ्हाडं. त्यातलं एखादं स्वतःच्या डिस्कवरून उठेना, की मी काकांकडे धावायचे. काका म्हणायचे, "काहून घाबरते, पोरी? मेलं नाही ते. किल्ली आत राहून दार लागलं फक्त. आपण खिडकीतून जाऊ." खिडकी म्हणजे सीडी, तीही खरी नव्हे, तिची फाइल. ती मशीनच्या ड्राइव्हला जोडायची, डिस्कच्या आधी सीडी बघ असं मशीनला सांगायचं आणि ते सुरू करायचं. मग निवांत आत शिरून मोडलेलं दुरुस्त करायचं.

सीडी काकांनी स्वतः बनवलेली होती. मशीन तिच्यावरून उठलं की काळ्या स्क्रीनवर इंग्रजी अक्षरांत ओळ यायची, 'राम राम. घाई नको.' पहिल्यांदा ती वाचली तेव्हा मला चक्क रडू आलं. किती महिन्यांत कामाच्या स्क्रीनवर मराठी दिसलं नव्हतं! काकांनी मला त्या फाइलची कॉपी दिली. मी गुपचूप तिच्यात एक शब्द घातला. माझी सीडी म्हणायची, 'राम राम काका. घाई नको.' सांगायची लाज वाटली, म्हणून त्यांना कधी सांगितलं नाही.

एका बाबतीत मात्र ते कर्दनकाळ. "काम झालं की सीडी काढ. राहिली, तर पुढच्या रीस्टार्टला मशीन आपल्या घरी न जाता खिडकीतच बसेल." एकदा बर्फात गाडी साफ करून मी निघणार, तोच फोन, "काढली का?" काढली होती. तरी वर जाऊन बघायला लावलं. राग आला, पण सवय लागली ती कायमची.

दर रविवारी त्यांच्याकडे जेवायला जायचे. काकू वडाभात करायच्या आणि काका पाहुण्यांना सांगायचे, "ही आमची इकडची मुलगी." त्यांची खरी मुलगी हसून "डॅड, स्टॉप" म्हणायची. मला मात्र त्यांनी थांबू नये असं वाटायचं.

कंपनी माझ्या ग्रीन कार्डचा अर्ज भरणार होती, नेमके तेच दिवस. शनिवारी महिन्याचे अपडेट झाले, सगळी मशीनं आपोआप रीस्टार्ट झाली आणि एका गिऱ्हाइकाच्या ऑर्डरी घेणारं मशीन उठलंच नाही. सोमवारी सकाळी उघडकीला आलं, की पठ्ठ्या दोन दिवस काळ्या स्क्रीनवर राम राम म्हणत बसलाय. कोणीतरी सीडी काढायला विसरलं होतं. टीमचं लॉगिन एकच, त्यामुळे कोण ते कळेना.

कॉलवर मॅनेजरने ती स्क्रीन सगळ्यांना दाखवली. तिच्यावर 'काका' हा शब्द नव्हता. सीडी त्यांची होती. मी त्यांच्याकडे बघितलं, ते टेबलाकडे बघत होते. मग शांतपणे इंग्रजीत म्हणाले, "माझी सीडी तिच्याकडेही आहे. नवीन आहे, राहून गेलं असेल."

पुरावा माझ्या लॅपटॉपवर होता. दोन्ही सीड्या शेजारी लावल्या असत्या की संपलं! पण काका आत्ता बोलतील, आता तरी बोलतील, म्हणून मी वाट बघत राहिले. मूर्ख कुठली. कॉल संपला.

पार्किंगमध्ये मी त्यांना गाठलं. "काका, तुम्हाला माहितीये ना कोणाची होती ती?"

"मला एक वॉर्निंग झाली आहे ना बाप्पा. या वयात मला कोण जॉब देते? तू यंग आहेस."

"आणि माझं ग्रीन कार्ड?"

"दुसरी कंपनी करेल." गाडीत बसता बसता म्हणाले, "रविवारी ये. काकू वडाभात करून राहिली."

गेले नाही. सीडी दाखवायला मॅनेजरकडेही गेले नाही, त्यांचं नाव घ्यायला जीभ रेटेना. अर्ज थांबला, मग नोकरी गेली. देश सोडायची मुदत संपता संपता दुसऱ्या राज्यात, पिस्कॅटवेला काम मिळालं. तिथे ग्रीन कार्डच्या रांगेत पुन्हा शेवटून उभी राहिले. सीडीकाका तिथेच राहिले. त्यांनी शिकवलेल्या कामावर मी आजही पोट भरते, आणि त्याचाच सगळ्यात जास्त राग येतो.

परवा चार वर्षांनी त्यांचा मेसेज आला. 'लॅपटॉप क्रॅश झाला, डब्यातली सीडीही वाचेना. तुझ्याकडे आहे ना माझी? एक मशीन अडलंय. पाठवशील का?'

लॅपटॉपवरचं जुनं फोल्डर उघडलं. मग फाइल पाठवली. माझ्याकडची, त्या एका जादा शब्दाची. न बदलता.

लगेच उत्तर आलं, 'थँक यू, पोरी. लावतो आत्ताच.'

त्यानंतर पंधरा-वीस मिनिटांनी त्यांच्या नावाखाली 'टायपिंग' दिसायला लागलं. थांबलं. पुन्हा दिसलं, पुन्हा थांबलं. मी घाई केली नाही. पण मेसेज काही आला नाही.