रेघ मारलेली सत्तेचाळीस नावं

काशीमीऱ्याला ट्रक दुरुस्तीच्या गॅरेजच्या वर, दुसऱ्या मजल्यावर डेटा एन्ट्रीचं एक ऑफिस आहे. मनोरमा शिगवण तिथे अकरा वर्षं टायपिंग करत होती. परदेशातले जुने कागद स्क्रीनवर यायचे आणि ही बाई खाली मान घालून त्यातली नावं बडवत सुटायची. कोण कुठल्या देशातलं, कोण कसं मेलं, याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. असतं तर अकरा महिनेही टिकली नसती.

यंदा फेब्रुवारीत लिथुआनियातल्या एका गावाची यादी आली. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी आणि त्यांच्या स्थानिक साथीदारांनी तिथल्या ज्यू लोकांना एका गल्लीत कोंडलं होतं आणि पुढे साऱ्यांना जंगलात नेऊन गोळ्या घातल्या. कोंडलेल्यांना पाव वाटायला कोणीतरी केलेली ही यादी तेवढी मागे उरली. नाव, वय, धंदा. आता गावात दगडी स्मारक व्हायचं होतं आणि त्यावरची नावं मनोरमाच्या टायपिंगवरून कोरली जाणार होती.

खोडलेलं टाइप करायचं नाही, हा ऑफिसचा नियम. खोडलं म्हणजे लिहिणाऱ्याची चूक, असं धरून चालायचं. एका पानावर सत्तेचाळीस नावांवर निळ्या पेन्सिलीची रेघ होती. मनोरमाने ती सोडून दिली. चूक पकडली जावी म्हणून तेच पान शेजारची मिनलही वेगळं टाइप करायची. तिनेही सोडली. दोघींच्या फाइली तंतोतंत जुळल्या आणि मीटिंगमध्ये दोघींचं कौतुकही झालं.

महिन्याभराने मनोरमा शिधावाटप कार्यालयात गेली. तिचा नवरा, सुभाष, दिवाळीत गेला होता, त्याचं नाव रेशनकार्डावरून कमी करायचं होतं. कारकुनाने मृत्यूचा दाखला बघितला, पट्टी ठेवली आणि सुभाषच्या नावावर लाल शाईची रेघ ओढली. मनोरमाला निळ्या पेन्सिलीचं ते पान आठवलं. लिथुआनियातली तीही वाटपाचीच यादी होती. तिथे रेघ मारलेला माणूस चुकून लिहिला गेला नव्हता, तो मेला होता.

दुसऱ्या दिवशी तिने सुपरवायझर नीरजला पान दाखवलं. त्याने ऐकून घेतलं, बिचाऱ्याला वाईटही वाटलं असेल.

"मॅडम, फाइल क्लोज झालीय. आता उघडली ना, तर क्लायंट सगळंच परत चेक करायला लावेल. मग तुम्ही जाल आणि तुमच्याबरोबर मिनल पण जाईल."

क्लायंटला परस्पर मेल करायचा नाही, ही तर नोकरीची पहिली अट. मनोरमा चार दिवस दुसऱ्या याद्या टाइप करत राहिली. दगडावर एकदा कोरलं की ती माणसं कायमची गेली, हे तिला दिसत होतं. पाचव्या दिवशी तिने ती सत्तेचाळीस नावं टाइप केली. वयं तिने त्या दिवशी पहिल्यांदा नीट वाचली. मुलगी नीलमकडून फोनवर इंग्रजी तपासून घेतलं, चूक माझी एकटीची आहे असं लिहिलं आणि मेल पाठवला. संध्याकाळपर्यंत तिची नोकरी गेली. मिनलची वाचली.

आता ती जेसल पार्कात घरीच असते. उत्तर यायला तीन महिने लागले. तिचा अंदाज खरा होता, असं गावच्या समितीने कळवलं होतं. ती सत्तेचाळीस माणसं आधी नेली. बाकीच्यांना शेवटी एकदम नेलं, तेव्हा यादीवर रेघ मारायला कोणी उरलंच नव्हतं. दगड मात्र मेल पोचण्याआधीच कोरून झाला होता. खाली एका ओळीपुरती जागा होती, ती भरून घेतली होती. सोबत फोटो होता आणि त्या ओळीचा अर्थही दिला होता. नीलमने तो वाचून दाखवला: आणि इतर सत्तेचाळीस.

"मम्मी, निदान आकडा तरी आला ना," नीलम म्हणाली.

मनोरमाने फोटोतल्या त्या ओळीवर बोट ठेवलं.

"रिवका म्हणून मुलगी होती त्यात, चार वर्षांची. तिच्या खाली तिचा भाऊ, दीड वर्षाचा. मारलं त्या लोकांनी," ती म्हणाली. "पण त्यांना इतर मी केलं गं."